खलाशाची नळी आणि जहाजावरील पेला

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोणीं दिली, कोणकोणते धर्मगुरु येथें राहून गेले, ही हकीकत यावयाचीच. ती ह्या पुस्तिकेंत इतरत्र आली आहे. आम्ही येथें एका निराळ्या वहीविषयीं लिहिणार आहों. जन्माची सरकारी नोंद सर्वत्र होऊं लागण्यापूर्वीं किनाऱ्यावरचा ख्रिस्ती तरुण आगबोटीवर चाकरीस निघाला, कीं देवळांतून मिळालेला बाप्तिस्म्याचा दाखला हाच त्याच्या वयाचा पुरावा असे. तो दाखला कचेरींत दाखविला म्हणजे त्याच्या हातीं दुसरी एक वही येई. ती त्याच्या समुद्रावरील आयुष्याची वही. इंग्रजींत तिला ‘कंटिन्यूअस डिस्चार्ज सर्टिफिकेट’ असें लांबलचक नांव आहे. खलाशांच्या तोंडीं तिचें नांव ‘नळी’. कोणत्या जहाजावर, कोणत्या हुद्द्यावर, कोणत्या तारखेस चढला आणि कोठें उतरला, हें सारें तींत लिहिलेलें असे. आणि जुन्या पद्धतीच्या वह्यांत त्यापुढें दोन घरें असत. एक कामांतील कसबाचें, दुसरें वर्तणुकीचें. ह्या दुसऱ्या घरांत काय लिहिलें जाई, ह्यावर पुढील सफर, म्हणजे घरची चूल, अवलंबून असे. आणि तें घर बिघडण्याचें नेहमींचें कारण दारू हें होतें. म्हणून ह्या दोन्ही गोष्टींचा इतिहास एकत्रच सांगावा लागतो.

ही नोंद ठेवण्याची कल्पना खलाशांच्या हितासाठीं निघाली, असें मात्र कोणीं समजूं नये. इंग्लंडांत इ. स. १८३५ सालीं कायदा होऊन व्यापारी खलाशांचें नोंदणीखातें उघडण्यांत आलें, त्यामागें मुख्य हेतु हा होता कीं, युद्ध उद्भवल्यास आरमाराला माणसें कोठून मिळतील हें सरकारास ठाऊक असावें. १८४४ च्या कायद्यानें पुढची पायरी गांठली: प्रत्येक खलाशास तिकीट घेणें भाग पडलें. त्या तिकिटावर नांव, जन्माचें गांव व तारीख, पहिल्यानें समुद्रावर केव्हां गेला, उंची, वर्ण, केसांचा व डोळ्यांचा रंग, अंगावरील खुणा, आणि लिहितां येतें कीं नाहीं, इतकें सारें असे. पांच लाखांहून अधिक तिकिटें निघालीं. खलाशांना तीं मुळींच आवडलीं नाहींत. आपल्यास गुरांप्रमाणें डाग दिला जातो असें त्यांना वाटे; कोणी खोटें नांव सांगत, कोणी तिकीट हरवल्याची बतावणी करीत. अखेर १८५३ सालीं ही पद्धत मोडीत निघाली. परंतु त्या तिकिटांच्या वह्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आजहि जपून ठेवलेल्या आहेत. आणि ज्या माणसांचें एकहि चित्र उरलें नाहीं, त्यांच्या डोळ्यांचा रंग आणि मनगटावरचा गोंदलेला नांगर आज तेथें वाचावयास मिळतो. सक्तीनें केलेल्या नोंदीचा असाहि एक उपयोग झाला.

आतां दारूकडे वळूं. १८४३ सालीं ब्रिटिश परराष्ट्रखात्यांतील जेम्स मरे ह्या अधिकाऱ्यानें परदेशी बंदरांतील सर्व वकिलांस पत्र धाडून, तेथें येणाऱ्या ब्रिटिश जहाजांवरील कप्तान व खलाशी ह्यांची वागणूक कशी असते, असें विचारलें. उत्तरें आलीं तीं लाजिरवाणीं होतीं. अनेक वकिलांनीं अज्ञान आणि दारूबाजी ह्या दोन दोषांवर बोट ठेविलें. आणि लक्षांत घेण्यासारखें हें कीं, तें बोट नुसत्या खलाशांवर नव्हतें, कप्तानांवरहि होतें. ज्यास नकाशा नीट वाचतां येत नाहीं आणि जो बंदरांत शिरतांना शुद्धीवर नसतो, अशा माणसाच्या हातीं जहाज, माल आणि पंचवीस-तीस जीव सोंपविलेले असत. ह्या चौकशीचें फळ म्हणजे १८५० चा कायदा. त्यानें व्यापारखात्याकडे जहाजांचा कारभार दिला, परदेशीं जाणाऱ्या जहाजांच्या कप्तानांस व मालिमांस परीक्षा सक्तीची केली आणि बंदरोबंदरीं सरकारी शिपिंग मास्तर नेमले. परीक्षेस बसणारानें आपल्या अनुभवाचे कागद आणावे, आणि त्यांबरोबरच आपण दारूच्या आहारीं गेलेले नाहीं ह्याचाहि दाखला आणावा, असा नियम झाला. कसब आणि संयम हीं दोन्हीं एकाच तराजूंत घातलीं गेलीं तीं तेव्हांपासून.

जहाजावर ही दारू आली कशी, हें समजून घेतल्याशिवाय खलाशास दोष देणें अन्यायाचें होईल. लांकडी पिपांत भरलेलें पाणी कांहीं आठवड्यांत शेवाळून दुर्गंध सोडूं लागे. बिअर थोडी अधिक टिके, पण उष्ण मुलखांत तीहि आंबे. म्हणून आरमारांत प्रत्येक माणसास दररोज एक गॅलन बिअर, आणि ती नसेल तेथें अर्धा पाइंट कडक मद्य, असा शिधा ठरून गेला. वेस्ट इंडीज बेटांत हें मद्य म्हणजे उंसाच्या मळीची रम. अर्धा पाइंट निर्भेळ रम एका घोटांत पोटांत गेल्यावर माणूस डोलकाठीवर कसा चढावा? ऑगस्ट १७४० मध्यें व्हाइस अॅडमिरल एडवर्ड व्हर्नन ह्यानें जमैका येथें हुकूम काढला कीं, अर्धा पाइंट रमेंत एक क्वार्ट पाणी मिसळावें आणि तें मिश्रण दिवसांतून दोन वेळां वांटावें. व्हर्नन ‘ग्रोग्रॅम’ नांवाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा घाली, म्हणून खलाशी त्यास ‘म्हातारा ग्रॉग’ म्हणत. तेंच नांव त्याच्या पाणीदार रमेस चिकटलें. पुढें १८२४ सालीं हा शिधा निम्मा झाला, १८५० च्या सुमारास पुन्हां निम्मा झाला, आणि ३१ जुलै १९७० रोजीं ब्रिटिश आरमारांतील रमेचा शेवटचा पेला वांटला गेला. त्या दिवशीं कांहीं जहाजांवर खलाशांनीं दंडास काळ्या फिती बांधल्या होत्या. अमेरिकेच्या आरमारानें खलाशांचा मद्याचा शिधा १८६२ सालींच बंद केला होता.

हें झालें आरमाराचें. व्यापारी जहाजावर खलाशास रमेचा हक्क कधींच नव्हता. तेथें पेला ही मालकाची किंवा कप्तानाची मर्जी. वादळांत रात्रभर शिडें आंवळल्यावर, किंवा नांगर उचलण्याचें जड काम उरकल्यावर कप्तान एक एक पेला देई. न दिला तर कुरकुर होई, पण दावा करतां येत नसे. एक चाल आम्हांस विशेष बोलकी वाटते. खलाशी चढतांना एक महिन्याचा पगार आगाऊ घेई, आणि तो बंदर सुटण्यापूर्वींच उडवी. म्हणून पहिला महिनाभर आपण ‘मेलेल्या घोड्यासाठीं’ राबतों असें तो म्हणे. महिना संपला कीं गवत व गोणपाट ह्यांचा घोडा करून गाणें म्हणत तो दोरानें वर चढवीत आणि समुद्रांत सोडून देत, व त्या रात्रीं कप्तानाकडून सर्वांस ग्रॉग मिळे. कर्ज फिटल्याचा उत्सवहि अखेर पेल्यानेंच व्हावयाचा!

जहाजांच्या विमा कंपन्यांना ह्यांतील धोका उपदेशकांच्या आधीं कळला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. न्यूयॉर्कच्या विमेवाल्यांनीं १८३४ सालीं ठरविलें कीं, जें जहाज मद्य न घेतां सफर करील त्याच्या हप्त्यांतील शेंकडा पांच परत द्यावे. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटांत दारूबाजीची चौकशी करण्यास समिति बसली. तिचे अध्यक्ष जेम्स सिल्क बकिंगहॅम हे स्वतः जहाजाचे कप्तान राहिलेले, आणि कलकत्त्यास वर्तमानपत्र काढून कंपनी सरकारच्या रोषामुळें १८२३ सालीं हिंदुस्थानाबाहेर घालविले गेलेले गृहस्थ होते. दोन वर्षांनीं जहाजें कां बुडतात ह्याची चौकशी झाली, तेव्हां त्या कारणांतहि दारूचें नांव आलें. हळूहळू मालकांनीं करारनाम्यांतच छापावयास आरंभ केला कीं, ह्या जहाजावर मद्य मिळणार नाहीं. धान्य, मांस, चहा, साखर ह्यांच्या प्रमाणाखालीं तें एक ओळीचें वाक्य येई. म्हणजे ज्या काळांत कवि आणि कादंबरीकार खलाशाला नित्य झिंगलेला रंगवीत होते, त्याच काळांत बहुतेक व्यापारी खलाशी महिनेच्या महिने कोरड्या जहाजावर काढीत होते.

मग ही अपकीर्ति आली कोठून? ती किनाऱ्यावर आली. दहा महिन्यांचा पगार एकाच दिवशीं हातीं पडलेला, घर दूर, ओळखीचें कोणी नाहीं. धक्क्यावर उभा असे तो ‘क्रिंप’ म्हणून ओळखला जाणारा दलाल. तो गोड बोलून आपल्या खानावळींत नेई, पाजी, उधार देई, आणि पैसा संपला कीं आगाऊ पगाराच्या चिठ्ठीच्या मोबदल्यांत त्यास दुसऱ्या जहाजावर चढवून देई. पुष्कळदां बेशुद्ध स्थितींत. इंग्लंडांत १८८० च्या कायद्यानें ही आगाऊ चिठ्ठी बंद केली. १८८९ सालीं एक महिन्याच्या मर्यादेंत ती पुन्हां आली. ह्या फांसांतून सोडविण्यासाठींच बंदरोबंदरीं खलाशांचीं वसतिगृहें निघालीं. मुंबईचें रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, जेथें आज महाराष्ट्र पोलिसांचें मुख्यालय आहे, तें १८७६ सालीं ह्याच हेतूनें पुरें झालें. त्या सुंदर इमारतीचा लाभ युरोपियन खलाशांसाठीं होता, हें मात्र सांगितलेंच पाहिजे.

सफर संपली कीं शिपिंग मास्तरासमोर हिशेब होई आणि खलाशास सुटीचा कागद मिळे. १९०० सालापर्यंत प्रत्येक सफरीचा सुटा कागद असे. त्या सालापासून ब्रिटिश जहाजांवर एकच सलग पुस्तिका सुरू झाली. कसब आणि वर्तन ह्या दोन घरांत ‘व्हेरी गुड’ असा शिक्का उठे. हा शिक्का इतका सर्रास होता कीं, नुसतें ‘गुड’ हेंहि वाईट समजलें जाई. आणि खरा घातक शेरा कोणता? ‘वाईट’ असें कप्तान क्वचितच लिही; तो लिही ‘डिक्लाइन’, म्हणजे ‘अभिप्राय देण्यास नकार’. कांहीं न बोलतां माणसास बुडविण्याची ही रीत होती. गुन्ह्याबद्दल दंड करावयाचा तर कायद्याप्रमाणें तो जहाजाच्या रोजनिशींत लिहावा लागे, त्या खलाशास वाचून दाखवावा लागे, आणि त्याचें उत्तरहि तेथेंच उतरावें लागे. मौनाला मात्र असा कांहीं बंध नव्हता. त्याचें कारण सांगावें लागत नसे, म्हणून त्याचें खंडनहि करतां येत नसे.

ह्याचें एक उदाहरण आपल्या मुंबईशीं जोडलेलें आहे, आणि तें एका कॅथॉलिक घराण्यांत जन्मलेल्या माणसाचें आहे, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. १८८३ च्या सप्टेंबरांत ‘रिव्हर्सडेल’ नांवाचें शिडाचें जहाज लंडनहून मद्रासेकडे निघालें. त्यावर दुसरा मालिम म्हणून पंचवीस वर्षांचा एक पोलिश तरुण होता. त्याचें घराणें युक्रेनांत, आईबाप झारच्या राज्यांत हद्दपारी भोगलेले, आणि तो लहान असतांनाच वारलेले. इंग्रजी तो खलाशांत राहून शिकला होता. कप्तानाचें आणि त्याचें पटलें नाहीं. एप्रिल १८८४ मध्यें जहाज मद्रासेस लागलें तेव्हां कप्तान आजारी होता, व त्यानें ह्या तरुणास डॉक्टर आणावयास किनाऱ्यावर पाठविलें. काय झालें आहे असें डॉक्टरानें विचारतां, कप्तान दारूच्या अमलाखालीं आहे असा समज व्हावा असें कांहीं तरुणाच्या तोंडून गेलें. तें कप्तानाच्या कानीं पडलें. तरुणानें लेखी माफी मागितली. तरी त्यास जहाजावरून उतरविण्यांत आलें, आणि त्याच्या सुटीच्या कागदावर कसबाच्या घरांत ‘व्हेरी गुड’ व वर्तनाच्या घरांत ‘डिक्लाइन’ असा शेरा पडला.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबून पाहावें. दारूचा आरोप ज्याच्यावर आला तो कप्तान; वही बिघडली ती मालिमाची. शेरा लिहिणारा आणि शेऱ्याचें कारण एकच माणूस असल्यावर दुसरें काय व्हावयाचें? पण समुद्रानें ह्या प्रकरणांत स्वतःचा अभिप्राय दिला. मद्रास सोडल्यावर थोड्याच दिवसांत तें जहाज मच्छलीपट्टणाजवळ किनाऱ्यावर चढलें. चौकशी झाली, दोष कप्तानाकडे आला, आणि त्याचें प्रमाणपत्र कांहीं काळ काढून घेण्यांत आलें. इकडे तो तरुण आगगाडीनें मुंबईस आला. बंदरांत ‘नार्सिसस’ हें जहाज उभें होतें, व त्यास दुसरा मालिम पाहिजे होता. २८ एप्रिल १८८४ रोजीं त्यानें करारावर सही केली, आणि ऑक्टोबरांत तो फ्रान्समधील डंकर्क बंदरीं उतरला. त्याच वर्षीं डिसेंबरांत तो पहिल्या मालिमाच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाला, आणि १८८६ सालीं कप्तानाच्या. ह्याच माणसास पुढें जगानें जोसेफ कॉनरॅड ह्या नांवानें ओळखलें. मुंबईहून निघालेल्या त्या सफरीवर त्यानें १८९७ सालीं एक कादंबरी प्रसिद्ध केली. उतारवयांत, १९१२ सालच्या आपल्या आठवणींच्या पुस्तकांत, त्यानें आपल्या जुन्या कागदांचा उल्लेख केला आहे, आणि आपण दारूपासून कटाक्षानें दूर होतों असें त्यांत लिहिलेलें असल्याची गंमतीनें, पण मनापासून, नोंद घेतली आहे. इतका मोठा ग्रंथकार, पण कप्तानांनीं दिलेली निर्व्यसनीपणाची ग्वाही त्यास विसरतां आली नाहीं. मद्रासेच्या त्या एका शब्दाची सल किती खोल गेली असेल, ह्याचा अंदाज आम्हांस ह्यावरूनच येतो. १९२४ च्या ऑगस्टांत कँटरबरी येथील सेंट थॉमस कॅथॉलिक देवळांत त्याचा अंत्यविधि झाला.

ख्रिस्तसभेनें ह्या प्रश्नाकडे पाहिलें तें प्रथम उपदेशाच्या अंगानें. आयर्लंडांतील कॉर्क शहरीं कॅपुचिन संघाचे फादर थिओबाल्ड मॅथ्यू ह्यांनीं १० एप्रिल १८३८ रोजीं मद्यत्यागाच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली, आणि पुढील कांहीं वर्षांत लक्षावधि लोकांनीं त्यांच्या हातून तीच प्रतिज्ञा घेतली. कॉर्क हें बंदराचें शहर. फादरांच्या सभांत धक्क्यावरची माणसें नसतील तर नवल. परंतु प्रतिज्ञेला निवारा लागतो. उत्तर समुद्रांत मासेमारी करणाऱ्या होड्यांभोंवतीं ‘कोपर’ नांवाचीं तरंगतीं दारूचीं दुकानें फिरत. स्वस्त तंबाखूच्या आमिषानें तीं कोळ्यास जवळ घेत आणि मग जाळें, दोर, पकडलेली मासळी, जें असेल तें दारूवर उतरवून घेत. प्रॉटेस्टंट मंडळींच्या मिशननें १८८० नंतरच्या दशकांत स्वतःच्या होड्या पाठविल्या आणि त्याहून स्वस्त तंबाखू विकून ह्या दुकानांचा धंदा बसविला. आमच्या मतें पुष्कळ प्रवचनांहून ही युक्ति अधिक शहाणपणाची होती. १८८७ सालीं हेग येथें किनाऱ्यावरील राष्ट्रांनीं अशा विक्रीस बंदी करणारा करार केला. फ्रान्समध्यें अॅसम्पशनिस्ट धर्मगुरूंच्या प्रेरणेनें १८९४ सालीं समुद्रावरील सेवेची संस्था निघाली, व न्यूफाउंडलंडच्या आणि आइसलंडच्या मासेमारांसाठीं डॉक्टर व धर्मगुरु असलेलीं रुग्णालयजहाजें तिनें धाडलीं. त्या फ्रेंच मासेमारांच्या शिध्यांत ब्रँडी असे, आणि थंडीवर तोच उपाय असें त्यांस शिकविलेलें असे. शेवटीं १९२० सालीं ग्लासगो येथें ‘समुद्राचें प्रेषितकार्य’ सुरू झालें, १९२२ सालीं पोप अकरावे पायस ह्यांनीं त्यास मान्यता दिली, आणि आज जगांतील शेंकडों बंदरांत ‘स्टेला मारिस’ ह्या नांवानें तें चालू आहे. त्यांचे चॅपलेन जहाजाच्या शिडीवरून वर जातात. खलाशानें त्यांच्याकडे येण्याची वाट पाहत बसत नाहींत.

आतां आपल्याकडील खलाशांविषयीं. ब्रिटिश आगबोटींवर हिंदी माणसांची वांटणी बहुधा ठरलेली असे. वरच्या डेकवर कोंकणचे व गुजराथ-काठेवाडचे खलाशी, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल, सुकाणावर सुकाणी, कोठीवर कसाब. खालीं भट्टीपाशीं आगवाले आणि कोळसेवाले, त्यांत पंजाब व सरहद्दीकडील लोक पुष्कळ. आणि प्रवाशांच्या दिवाणखान्यांत, स्वयंपाकघरांत व पँट्रींत गोंयकार ख्रिस्ती, ज्यांना कोंकणींत ‘तारवोटी’ म्हणतात. डेकवरील आणि भट्टीवरील बहुतेक माणसें मुसलमान. दारूला शिवत नसत. जहाजमालकांनीं ह्या गोष्टीची तारीफ वारंवार केली, आणि गोऱ्या खलाशापेक्षां हिंदी खलाशी बरा, कारण तो शुद्धीवर असतो, असें सांगितलें. ती तारीफ खरी होती. पण त्याच शुद्धीवरच्या माणसाचा पगार गोऱ्याच्या पगाराच्या मानानें कितीतरी कमी होता, हें त्या तारिफेच्या शेजारीं ठेवून वाचावें. निर्व्यसनीपणाबद्दल शाबासकी मिळाली, रुपया मिळाला नाहीं.

तारवोट्यांची गोष्ट अधिक नाजूक. त्यांचें कामच पेले भरण्याचें. पहिल्या वर्गांतील साहेबाची व्हिस्की, जेवणाबरोबरची वाइन, रात्रीचा ब्रँडी-सोडा, हें सारें ज्याच्या हातून जाई त्यानें स्वतः चाखतां कामा नये. आणि बाटलींत घोट कमी भरला तर संशय प्रथम त्याच्यावरच. घरीं ह्याच माणसास काजूची फेणी परकी नव्हती. लग्नाकार्यांत आणि सणावारीं ती पाहुणचाराचाच भाग असे. पण सफरींत त्याच्या वहींतील एक शेरा सबंध कुटुंबाचे दोन हंगाम खाऊन टाकूं शके, म्हणून पँट्रींतला शहाणा माणूस बाटलीकडे औषधाच्या बाटलीकडे पाहावें तसें पाही. उतारूंच्या मोठ्या बोटींवर खलाशांसाठीं वेगळें मद्यगृह असण्याची चाल पुढें पडली. इंग्रजी बोटींवर त्यास ‘पिग अँड व्हिसल’ हें विनोदी नांव होतें. आणि बंदरांत शिरतांच मद्याची कोठी कस्टमवाले येऊन सीलबंद करीत, तें आजहि चालतें.

मुंबईंत सफरींच्या मधल्या काळांत ह्या माणसांना आधार होता तो गांवच्या कुडांचा. धोबीतलाव, माझगांव, डाबूल ह्या भागांत शेंकडों कूड होते. प्रत्येक गांवाचा आपला, आपल्या देवळाच्या पालक संताच्या नांवाचा. थोड्या पैशांत एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा, भिंतीशीं वेदी, संध्याकाळीं सर्वांनीं मिळून रोझरी, आणि नियमांत बहुधा दारू व जुगार ह्यांस मनाई. लंडनच्या क्रिंपाची खानावळ आणि मुंबईचा कूड, दोन्हीं बेकार खलाशाच्याच आश्रयाच्या जागा. पण एक त्याची नळी गहाण पाडी, तर दुसरा ती ट्रंकेंत कुलूप लावून जपे. ह्याचा अर्थ आपल्याकडे लुबाडणारे नव्हते असा नव्हे. नोकरी मिळवून देणारे मध्यस्थ आणि सावकार येथेंहि होते, लांच द्यावी लागे, आणि १९२२ च्या व १९३१ च्या सरकारी चौकशींत ह्या लांचेचा विषय आलाच. आपल्याकडील फांस दारूपेक्षां कर्जाचा अधिक होता, इतकेंच.

‘डिक्लाइन’च्या शेऱ्यावर उपाय अखेर निघाला तो कायद्यानें. जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें १९२६ सालीं खलाशांच्या कराराविषयीं ठराव केला. त्यांत असें स्पष्ट कलम आहे कीं, खलाशास नोकरीच्या नोंदीचा कागद मिळालाच पाहिजे, पण त्यांत त्याच्या कामाच्या प्रतीविषयीं किंवा पगाराविषयीं कांहींहि लिहूं नये. हेंच कलम २००६ च्या सागरी कामगार करारांत पुन्हां आलें; तो करार २०१३ सालीं जगांत अंमलांत आला आणि भारतानें २०१५ सालीं मान्य केला. दारूपुरती जागा आतां मोजमापानें घेतली आहे. मार्च १९८९ मध्यें अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ ही तेलवाहू बोट खडकावर चढली, तेव्हां कप्तान प्यालेला होता असा आरोप झाला. न्यायालयानें त्या आरोपांतून त्यास मुक्त केलें, परंतु तेव्हांपासून जहाजांवरील मद्याविषयीं सर्वत्र कडक नियम होऊं लागले. २०१२ च्या आरंभापासून अंमलांत असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें कामावरील माणसाच्या रक्तांत मद्याचें प्रमाण शेंकडा ०.०५ च्या वर असतां कामा नये, आणि पुष्कळ कंपन्यांनीं तर जहाजावर दारू पूर्णपणें बंदच केली आहे. श्वास यंत्रांत सोडावयाचा आणि आंकडा वाचावयाचा. हा आंकडा कप्तानालाहि लागू आहे, ही सुधारणा आम्हांस सर्वांत मोठी वाटते. रिव्हर्सडेलवर ती असती तर मद्रासेंत वाद झालाच नसता.

ज्यांच्या वह्या परत आल्याच नाहींत त्यांचीहि आठवण येथें झाली पाहिजे. मुंबईंत मशीद बंदराजवळील इंडियन सेलर्स होममध्यें पहिल्या महायुद्धांत बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचें स्मारक आहे. समुद्राखेरीज त्यांना दुसरी कबर नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील सुमारें सहा हजार हिंदी व्यापारी खलाशांचीं नांवें दोन सारख्याच स्मरणवह्यांत लिहिलेलीं आहेत. एक मुंबईस, एक चितगांवास. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्रीं अटलांटिकांत बुडालेल्या ‘सिटी ऑफ बेनारेस’ बोटीवरील लहान मुलांची कथा इंग्लंडांत सर्वांस ठाऊक आहे. त्याच बोटीवर शंभराहून अधिक हिंदी खलाशी गेले, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

घरांत जुनी ट्रंक असेल आणि तींत आजोबा-पणजोबांची नळी सांपडली, तर ती वाचावी कशी, हें सांगून पुरें करतों. प्रथम जहाजाचें नांव आणि त्याचा नोंदणीक्रमांक उतरून घ्यावा. माणसाच्या नांवापेक्षां ह्या क्रमांकानेंच शोध लवकर लागतो, कारण आपल्या आडनांवांचें स्पेलिंग प्रत्येक कारकुनानें निराळें केलें आहे. १८६३ ते १९३८ पर्यंतच्या ब्रिटिश जहाजांच्या करारनाम्यांपैकीं सुमारें शेंकडा ७० कॅनडांतील सेंट जॉन्स येथील मेमोरियल विद्यापीठाच्या दप्तरांत आहेत. शेंकडा १० क्यू येथें. आणि ज्या सालाच्या शेवटीं ५ आहे अशा बहुतेक सालांचे उरलेले ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयांत. १९१५ सालच्या याद्या स्वयंसेवकांनीं उतरून काढल्या असून त्या कोणासहि विनामूल्य पाहतां येतात. मग वर्तनाचें घर पाहावें. तेथें शिक्का असेल तर बरेंच. नसेल, किंवा तो नकाराचा शब्द असेल, तर पुढच्या सफरीची तारीख पाहावी, आणि मधले महिने मोजावे. ज्या कुटुंबांत अशा वह्या आहेत त्यांनीं त्या धर्मग्रामाच्या कचेरींत दाखवाव्या, अशी आमची विनंति आहे. बाप्तिस्म्याच्या वहींतील नोंदीशीं त्या ताडून पाहतां येतील, आणि ज्या घरीं वही समुद्रांत गेली तेथें निदान जहाजाचें नांव तरी कळूं शकेल.